अकरा ओळी

३ मार्च

आज ताईचं यंत्र बसलं. पलंगाला एक लोखंडी दांडा, त्यावर पाटीएवढा पडदा आणि पडद्याखाली बारीकसा कॅमेरा. ताई ज्या अक्षराकडे बघत राहते ते अक्षर उमटतं. हात गेल्या वर्षी गेले, आवाज जानेवारीत. "या आजारात डोळे शेवटपर्यंत साथ देतात," यंत्रवाला म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन नीट बसलेलाच स्क्रू पुन्हा आवळायला लागला.

पहिलं वाक्य लिहायला ताईला सहा मिनिटं लागली. मधे एक वेलांटी चुकली तर तिनं मागे जाऊन ती दुरुस्त केली. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई. वाक्य होतं : "यांना सांग, टीव्हीचा आवाज कमी करा."

भावजींनी टीव्ही बंदच केला. "दोन महिन्यांनी बायको बोलली आणि काय, तर ओरडलीच," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

५ मार्च

कोर्टातून थेट ताईकडे. तिनं माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं.

"छोटे, एक पुस्तक हवंय. मी तपासलेलं पहिलं. त्यात माझी एक चूक राहून गेली. नव्या आवृत्तीत सुधारली का, ते बघायचंय."

मी म्हटलं, "कुठली चूक? सांग, मी बघून सांगते."

"नाही. मीच बघीन. शेवटच्या भागात आहे."

मला पुस्तकाचं नाव ऐकून माहीत होतं. एका घाटावर नाव चालवणाऱ्या बाईची आणि तिच्या मुलीची कादंबरी. ताई तेव्हा बावीसची होती, मी बारा वर्षांची. आमच्या घरात या पुस्तकाची प्रत कधीच नव्हती. ताईनं तपासलेली बाकी सगळी पुस्तकं कपाटात ओळीनं आहेत. एवढं एकच नाही. हे मला आज पहिल्यांदा खटकलं.

७ मार्च

पुस्तक फक्त ई-बुक दुकानात मिळालं. "लेखिकेच्या मूळ हस्तलिखितावरून तपासलेली आवृत्ती." घेतलं. फोनवर लगेच उघडलं. मग ताईच्या यंत्रावर टाकायला गेले. "हे पुस्तक या उपकरणावर उघडता येत नाही."

यंत्रवाल्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र साधी फाइल वाचतं, पण दुकानाचं पुस्तक कुलूपबंद असतं आणि ते फक्त दुकानाच्या ॲपमध्ये उघडतं. ते ॲप या यंत्रावर चढत नाही. "चढलं तरी ते बोटाची वाट बघणार हो. नजरेला ते विचारत नाही."

८ मार्च

दुकानाच्या मदतकक्षाशी तासभर लिखापढी. पलीकडून माणूस बोलतोय की मशीन, कळायला मार्ग नाही. स्वतःला 'आपली वाचनसखी' म्हणते.

मी : माझी बहीण हात हलवू शकत नाही. तिच्या यंत्रावर पुस्तक उघडत नाही.

सखी : आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. कृपया पडद्याला दोन बोटांनी स्पर्श करून पाहा.

मी : तिला बोटं हलवता येत नाहीत.

सखी : समजले. कृपया एका बोटाने प्रयत्न करा.

भावजी खांद्यावरून वाचत होते. त्यांना हसू आवरेना. ताईला वाचून दाखवलं तर तिनं लिहिलं, "तिला म्हणावं, नाकानं करून बघते." शेवटी मी रीतसर तक्रार नोंदवली. एक तर पुस्तक यंत्रावर उघडेल असं करा, नाहीतर पैसे परत द्या. तक्रारीला क्रमांक मिळाला. एकवीस दिवसांत उत्तर येईल म्हणतात.

१० मार्च

इतर सगळे मार्ग संपवले. पानाचा फोटो काढायला गेलं की फोन काळा चौकोन देतो. मजकूर उचलता येत नाही. वायर लावून यंत्राच्या पडद्यावर दाखवायला गेले तर तिथेही काळोख.

मग भावजींनी फोनच ताईसमोर धरला. आयुष्यभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उभं राहून दुरुस्तीची कामं केलेला माणूस, हात लोखंडासारखा स्थिर. पण फोन समोर धरला की यंत्राचा कॅमेरा झाकला जातो, आणि यंत्र झाकलं की ताई मुकी. तिला मागचं पान हवं होतं आणि भावजी पुढचं उलटत गेले. फोन बाजूला केला तेव्हा तिच्या डोळ्यांतून कानापर्यंत पाणी ओघळलं होतं.

मी म्हटलं, "मी वाचून दाखवते ना."

"ऐकून चूक सापडत नाही. वाचणारा स्वतःच्या मनचं भरतो. डोळ्यांनाच सापडते."

११ मार्च

ठरवलं. मी टाइप करणार, सगळं पुस्तक. फोन उशीला टेकवून ठेवायचा, पान बघायचं, बडवायचं. साधी फाइल करायची आणि यंत्रात घालायची. दोनशे साठ पानं. कोर्टात एका दिवसात चाळीस पानांची साक्ष टाइप करते मी, हे काय जड आहे?

आधी दुकानाच्या अटी वाचल्या. पुस्तक मला विकलेलंच नाही, वाचायची परवानगी दिली आहे आणि ती कधीही काढून घेता येते. नक्कल करायला मनाई. दिवसभर न्यायाधीशांसमोर बसायचं आणि घरी येऊन हे करायचं. पण मी करणार.

१६ मार्च

पहाटे पाच ते आठ टाइप करते. साठ पानं झाली. संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेऊन ताईकडे जाते. ताई वाचते. पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं की पान उलटतं. मागे, पुढे, हवं तसं. मधेच थांबते आणि लिहिते :

"पान ४१, ओळ ६. 'ती' दोनदा."

"पान ४४. अवतरणचिन्ह बंद केलं नाहीस. बाई अजून बोलतेच आहे."

मी म्हटलं, "वीस वर्षांत कोर्टानं माझी एक चूक काढली नाही."

"कोर्टाला वाचायला वेळ कुठे असतो."

भावजी दारात उभे राहून म्हणाले, "वहीत लिहून ठेव, आज ही तीनदा हसली." त्यांना ते कळतं. तिचा चेहरा आता हलत नाही, मला काही दिसत नाही. "तुम्हाला कसं समजतं?" म्हटलं तर म्हणाले, "आधीही नजरेनंच बोलायची गं. मला वाचायला उशिरा आलं."

२० मार्च

आज साक्षीदार एक म्हातारी बाई होती. प्रत्येक प्रश्नाला मान हलवायची. साहेब सारखे सांगत होते, "आजी, तोंडानं बोला. मान हलवलेली नोंदीत येत नाही." मी नेहमीप्रमाणे बोटं थांबवून बसले. ती रडली, तेही लिहिलं नाही. बोललं तेवढंच लिहायचं, जसंच्या तसं. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे.

ताईचा श्वास रात्री अडतो, असं भावजी म्हणाले. डॉक्टर उद्या येणार.

२१ मार्च

डॉक्टर जिन्यात उभे राहून बोलले. आता छातीचे स्नायू. नळी घालणार का, असं त्यांनी ताईलाच विचारलं. ताईनं लिहिलं, "नको." त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा लिहिलं नाही, आधीच्याच शब्दाकडे बघत राहिली.

"किती दिवस?" मी विचारलं. "काही आठवडे. श्वासांमधलं अंतर वाढत जाईल. कोणीतरी जवळ असू द्या."

माझी एकशे नव्वद पानं झाली आहेत. वेग वाढवायला हवा.

२४ मार्च

आज पान २३१. नाववाली म्हातारी अंथरुणावर आहे आणि मुलगी शेजारी बसली आहे. मुलगी आईचे श्वास मोजते आहे. एक झाला की दुसरा येईपर्यंत आपलाही रोखून धरते. मग आई म्हणते, "माझ्यासाठी श्वास धरू नकोस. जा, तो कप विसळून आण." मुलगी कप घेऊन जाते. पाणी गार असतं. ती नीट, वेळ लावून कप धुते, कारण आईला घाणेरडा कप चालत नाही. परत येते तेव्हा खोलीत एकाच माणसाचा श्वास चालू असतो, तिचा. आणि तिला कळतं, आईनं तिला बाहेर पाठवलं होतं.

अकरा ओळी आहेत.

माझी बोटं थांबली. हे मी ताईच्या पडद्यावर नेऊन ठेवायचं? परवा डॉक्टर जे बोलले त्यानंतर? फोन पालथा ठेवून दिला आणि चहा करून प्यायले. मग त्या अकरा ओळी सोडून पुढून सुरुवात केली. पुढचा परिच्छेद असा आहे की दुसऱ्या दिवशी मुलगी नाव विकून गाव सोडते. सांधा कळत नाही. मुलगी जरा कोरडी वाटते, एवढंच.

आजारी माणसाला सगळं सांगायचं नसतं. मी हे ताईसाठी केलं.

२६ मार्च

पुस्तक पुरं झालं. ताईची चूक कुठली ते शोधायचा मी टाइप करताना प्रयत्न केला होता. शेवटच्या भागात एकही छापाची चूक सापडली नाही. नव्या आवृत्तीत सुधारली असणार. तिला आनंद होईल. उद्या शेवटचा भाग नेते.

२७ मार्च

ताईनं आज शेवटचा भाग मागितला आणि आधी मधली पानं सोडून पुढे गेली. तसं ती कधी करत नाही. म्हातारीच्या अंथरुणाजवळ आली आणि थांबली. पुढचं पान, मागचं पान. पुन्हा पुढचं. मी उशी सारखी करत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्याकडेच होतं.

मग तिनं लिहिलं, "हे सगळं आहे?"

"हो. पुस्तकात आहे ते सगळं."

"काही सुटलं नाही?"

"माझ्याकडून सुटतं का कधी? शपथेवर सांगू?" मी हसत म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली. चार मिनिटं लागली.

"मग चूक तशीच आहे."

मी विचारलं, कुठली, दाखव ना, कुठल्या ओळीत? तिनं डोळे मिटून घेतले. दमली असेल. एखादा काना-मात्रा तेहतीस वर्षं मनाला लावून घेणारी माझी बहीण. पण एक आहे, मी काही गाळलंय असा संशय तिला आला नाही. सुटले.

३० मार्च

तीन दिवस ताईनं यंत्राकडे बघितलेलं नाही. पुस्तकाची शेवटची तीसेक पानं राहिली आहेत. मी म्हटलं, "शेवट तरी वाच. चांगला आहे." तिनं भिंतीकडे बघितलं. भावजींनी मला बाहेर नेऊन विचारलं, "तुमचं दोघींचं काही बिनसलं का? परवापासून ती बोलत नाही माझ्याशीसुद्धा."

"काही नाही हो, थकली आहे."

"थकलेली मला माहीत आहे," भावजी म्हणाले. "ही थकलेली नाही."

१ एप्रिल

दुकानाचं उत्तर आलं. "आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. प्रकाशकाने हे पुस्तक साहाय्यक यंत्रांसाठी खुले केलेले नाही. इतर ग्राहकांची अशी गैरसोय होऊ नये म्हणून आम्ही ते विक्रीतून काढत आहोत. आपली रक्कम परत केली आहे. आपली तक्रार निकाली निघाली आहे. आपण समाधानी आहात का? पाचपैकी तारे द्या."

फोनमधलं पुस्तक गेलं. मुखपृष्ठाच्या जागी करडा चौकोन. जाऊ दे. माझ्याकडे टाइप केलेली प्रत आहे.

३ एप्रिल

ताईचे डोळे दुपारपासून उघडत नाहीत. पापण्यांनाही आता ताकद उरली नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुंगीचं औषध सुरू केलंय. ऐकू येतं का? "येत असावं, धरून चाला." यंत्राचा पडदा चालू आहे. कॅमेरा डोळे शोधतो, सापडत नाहीत, आणि दर मिनिटाला लिहितो, "कृपया पडद्याकडे पाहा." भावजींनी त्यावर टॉवेल टाकला.

४ एप्रिल

आज छापखान्यातले जुळारी काका ताईला बघायला आले. पूर्वी ताईच्या शेजारच्या खोलीत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आता ऐंशीच्या घरात आहेत. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं. तेच. पहिल्या आवृत्तीची छापील प्रत.

"तिनं मागे मला पत्र घातलं होतं, हात चालत होते तेव्हा. ही प्रत आहे का म्हणून. माझ्या माळ्यावर सापडायला वर्ष गेलं बघ."

मी विचारलं, "काका, तिची चूक कुठली हो? तुम्हाला माहीत आहे?"

काकांनी चष्मा पुसला. "चूक माझी गं. जुळवताना हस्तलिखिताचा एक तुकडा माझ्याकडूनच सुटला. पण ते पकडायला मुद्रित तपासनीस असतो ना. म्हातारी मरते तिथला तुकडा. त्याच महिन्यात तुमची आई गेली होती. ताईनं ते पान न वाचताच सही केली असणार, मी तेव्हाच ओळखलं. पुस्तक आलं आणि सगळीकडे छापून आलं, मुलगी निर्दयी रंगवली आहे म्हणून. लेखिका छापखान्यात आली. ओरडली नाही. ताईच्या टेबलापाशी उभी राहून एवढंच म्हणाली, 'माझी मुलगी निर्दयी नव्हती हो.' त्या दिवसापासून ताईनं या पुस्तकाचं नाव काढलं नाही."

मी पुस्तक उघडलं. अंथरूण. मुलगी शेजारी. आणि लगेच, दुसऱ्या दिवशी ती नाव विकते.

माझी प्रत आणि ही छापील प्रत तंतोतंत जुळतात.

५ एप्रिल

काल पुढचं लिहू शकले नाही.

नव्या आवृत्तीत त्या अकरा ओळी होत्या. कोणीतरी हस्तलिखितावरून शोधून त्या जागच्या जागी घातल्या होत्या. ताईची चूक सुधारली होती. तेवढंच बघायचं होतं तिला, आणि मी ते काढून तिच्यासमोर ठेवलं. वर शपथ घ्यायला निघाले होते.

आई गेली तेव्हा मला कोणी खोलीत जाऊ दिलं नव्हतं. ताई होती आत. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काय होतं ते मला आठवत नाही. दिवसभर आठवायचा प्रयत्न केला.

दुकानाला लिहिलं, एक पान, फक्त एक पान द्या. "आपली तक्रार निकाली निघाली आहे." प्रकाशकाचा फोन कोणी उचलत नाही. कोर्टातल्या सगळ्यांना विचारलं, कोणाकडे ते पुस्तक आहे का. नाही.

६ एप्रिल

भावजींना सांगितलं. सगळं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ ताईच्या पायाच्या तळव्यांना तेल चोळत राहिले.

"मग सांग की तिला," म्हणाले. "ऐकतेय ती."

"माझ्यावर विश्वास ठेवेल ती?"

"ते तिचं ती बघेल. तू सांग."

मी ताईच्या कानाजवळ बसले. ओळी जशाच्या तशा आठवेनात; वहीत आहेत त्या माझ्या शब्दांत. वीस वर्षं लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, आणि या अकरा ओळी मी एकदाच वाचून फोन पालथा ठेवला होता. 'गार पाणी' होतं की 'थंडगार'? आई 'जा' म्हणाली की 'जा गं'? मला येतील तशा म्हटल्या. मधे दोनदा अडले. शेवटी म्हटलं, "ताई, हे पुस्तकात आहे. नव्या आवृत्तीत आहे. तुझी चूक सुधारली होती, मीच ते गाळलं. मला तुला ते वाचायला द्यायचं नव्हतं." आणि बोलता बोलताच जाणवलं की हे किती बनवलेलं वाटतंय. मरणाऱ्या माणसाचं समाधान करायला कोणीही असंच बोलेल. एकदा खोटी ठरलेली साक्षीदार दुसऱ्यांदा उभी राहते तेव्हा साहेब मान वर करून बघतसुद्धा नाहीत. दाखवायला माझ्याकडे पान नाही. असतं तरी ते बघायला तिचे डोळे नाहीत. वाचणारा स्वतःच्या मनचं भरतो, हे तिनंच मला सांगून ठेवलंय.

डाव्या पापणीची कड हलली. मी भावजींकडे बघितलं.

"काय म्हणाली?"

भावजी खाली वाकले, चष्मा वर करून तिच्याकडे बघत राहिले. खूप वेळ.

"आता मला नाही गं वाचता येत," ते म्हणाले.

पापणी हलली, एवढंच मी लिहू शकते. कशासाठी हलली, ते नोंदीत येत नाही.

श्वासांमधलं अंतर वाढलंय. मी मोजत नाही. भावजी म्हणाले, "सकाळपासून बसली आहेस, जरा तोंडावर पाणी मार, तो चहाचा कप तरी ठेवून ये आत." कप पलंगाखाली आहे, सकाळचा. तळाशी चहा वाळून तपकिरी झालाय. ताईला असा कप खोलीत चालत नाही.

मी उठलेले नाही.